जमिनीपासून एकशे एकसष्ट

१

चित्रं थुंकीने साफ करतात. हे ऐकून लोक नाक मुरडतात, पण खरं आहे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर फिरवायचा आणि चित्राच्या कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर गोल गोल चालवायचा. सिगारेटचा धूर, स्वयंपाकाची वाफ, माश्यांची घाण, चाळीस वर्षांचं सगळं तपकिरी होऊन कापसावर येतं. मग तो बोळा टाकायचा आणि नवा घ्यायचा. वापरलेला परत तोंडात घालायचा नाही. कलाशाळेत हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात, आणि दुसऱ्या वर्षालाच मी शाळा सोडली. तिथले मास्तर लष्कराच्या राज्यात गप्प बसले होते आणि नंतरची तीस वर्षं आपण कसे गप्प बसलो नव्हतो ते सांगत होते. मला ते ऐकवेना. म्हणजे माझी एकूण विद्या एवढीच, की मला नीट थुंकता येतं.

मारिएलाला तेवढं पुरलं. तिची गॅलरी माँतेविदेओच्या जुन्या भागात, बंदराच्या दिशेने उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. पूर्वी ते लोकरीचं गोदाम होतं. लाकडी फळ्यांची जमीन, उंच भिंती, रस्त्यावर उघडणारं एकच जाड दार. तिथे ती एल्बिओ सागास्तीचं प्रदर्शन भरवत होती. एल्बिओ माझ्या आजीचा थोरला भाऊ. १९७९ साली वारला. जिवंतपणी त्याचं एक चित्र विकलं गेलं नव्हतं. बावीस चित्रं आजीच्या घरात कपाटामागे, कपडे धुवायच्या खोलीत, उलटी करून ठेवलेली होती. लहानपणी मी त्यातल्या एकावर टेबल टेनिस खेळलोय.

पांढऱ्यावर पांढरं. प्रत्येक चित्रात दोन आयत, एक उंच, एक बुटका. कधी लांब उभे, कधी खेटून, कधी बुटका उंचावर झुकलेला. बाकी काही नाही. चित्रांना नावं नाहीत, आकडे आहेत.

मारिएला खुश होती. "मेलेला, विसरलेला आणि पुरुषांवर प्रेम करणारा," ती म्हणाली. "गास्तोन, बाळा, असा चित्रकार दहा वर्षांत एकदा मिळतो."

आजीची त्याला हरकत नव्हती, हे लक्षात ठेवा. ऐंशी पार केलेली बाई. "लिहा की समलिंगी होता," ती म्हणाली होती. "आता कोण काय बोलतंय? आमचा हा गास्तोनही तसलाच आहे. त्याच्या त्या फेदेला मी दर एकोणतीस तारखेला, रिवाजाप्रमाणे, न्योकीचे बटाट्याचे गोळे करून वाढते. पोरगा तीनदा मागून घेतो." मग मारिएलाच्या हातावर हात ठेवून तिने सांगितलं, "फक्त एवढं लिहा, की तो एकटा होता. शेवटपर्यंत एकटा."

२

साफ करायला टेबल नव्हतं, म्हणून मी चित्रं भिंतीवर टांगूनच साफ करत होतो. एकोणीस नंबरवर डाग निघाला. तळहाताहून लहान, लांबट गोल, तेलकट. बोळा फिरवला तर तपकिरी काही आलं नाही. आलं ते पिवळसर, चकचकीत. वास घेतला. जुन्या न्हाव्याच्या दुकानात असतो तसा, केसांना चोपडायच्या सुगंधी मलमाचा.

काढून टाकलं. चार बोळे लागले.

दुसऱ्या दिवशी डाग तिथेच.

याला कारण असतं. तेल कापडात मुरलेलं असतं, वरचं पुसलं की आतलं वर येतं. हे मला माहीत होतं. परत साफ केलं, या वेळी नऊ बोळे. तिसऱ्या दिवशी डाग तेवढाच, त्याच आकाराचा. मुरलेलं तेल वर येतं तेव्हा ते फिकट आणि पसरट होऊन येतं. हा डाग ताजा होता. बोट लावलं तर बोटावर आला.

"चित्राला कोण टेकतंय?" मी मारिएलाला विचारलं.

"कोण टेकणार? किल्ली माझ्याकडे आणि तुझ्याकडे."

"तुम्ही केसांना काय लावता?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाळा, मी केसांना जे लावते ते तुझ्या पगारात बसत नाही. कामाला लाग."

मी संध्याकाळी निघताना दार दोनदा ओढून पाहिलं.

३

मग मी एक चूक केली. टांगणाऱ्या माणसांची नेहमीची चूक. चित्राच्या मागे तार असते. वजन पडलं की ती ताणून वर येते, पण वरच्या कडेपर्यंत येत नाही. ते मधलं अंतर वजा करून खिळा ठोकायचा असतो. मारिएलाने एकोणीस नंबर दारासमोरच्या भिंतीवर हलवायला सांगितलं. मी घाईत होतो, वजाबाकी विसरलो. चित्र नऊ सेंटिमीटर वर टांगलं गेलं. संध्याकाळ झाली होती. म्हटलं, उद्या बघू.

सकाळी आलो तर डाग होता. पण जागेवर नव्हता. आधी तो बुटक्या आयताच्या वरच्या कडेला लागून होता, आता त्याच आयताच्या आत खाली उतरला होता.

मी टेप काढला. डागाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत, एकशे एकसष्ट सेंटिमीटर. जुन्या जागेचे आकडे माझ्या वहीत होतेच, त्यांच्यावरून हिशेब केला. एकशे एकसष्ट. चित्र वर सरकलं होतं, डाग सरकला नव्हता.

मी शांतपणे बसलो आणि विचार केला. माणूस घाबरला की असा शांतपणे विचार करतो. डाग जर चित्राचा असता तर चित्राबरोबर वर गेला असता. तो चित्राचा नव्हता. तो जमिनीवरून मोजायचा होता. जे कोणी हे करत होतं, त्याचे पाय जमिनीवर होते.

चित्र नीट टांगलं. पुढच्या सकाळी एकोणीस कोरं होतं, डाग सात नंबरवर. त्याच्या पुढच्या सकाळी बारावर. दर वेळी तीच उंची.

मी गुडघे वाकवले, माझं कपाळ त्या डागासमोर येईपर्यंत. अगदी जवळ गेलो, टेकलो नाही. तेव्हा दिसलं. डागाच्या खाली, जिथे माझ्या नाकाचं टोक आलं होतं, तिथे एक अगदी छोटा ठिपका होता.

मी कापूस भिजवायला जीभ बाहेर काढली. तोंड कोरडं पडलं होतं.

४

बारा नंबर खाली काढून उलटं केलं. अजूनही म्हणत होतो, मागून काहीतरी पाझरत असेल. पाझरत नव्हतं. पण मागच्या लाकडी चौकटीवर, खालच्या पट्टीवर, पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'विल्मार. १४ जून १९६१.'

मी सगळी उलटी केली. बावीसच्या बावीस. विल्मार, आणि तारीख. १९६० ते १९७९. चौकटी अशा, की एकही खिळा नाही. खाचेत खाच बसवलेली, साठ वर्षांत केसभर हललेली नाही. एल्बिओने चित्राच्या मागे कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं दुसरा एक माणूस त्याला चौकटी करून देत होता आणि नाव घालत होता.

मारिएला खुर्चीतून उठलीच. "हे तर सोनं आहे! सुतार! चित्रकार आणि त्याचा सुतार!" त्याच दुपारी तिने दाराजवळच्या भिंतीवरचा मजकूर बदलायला सांगितला. काळी चिकट अक्षरं कापून आली, मी लावली. शेवटची ओळ होती, 'एकोणीस वर्षं त्याच्यासोबत राहिलेल्या विल्मारने या सर्व चौकटी बनवल्या.' सोबत राहिल्याचा पुरावा आमच्याकडे नव्हता. ते मी घुसडलं. माझी खात्री होती.

गुरुवारी आजी मजकूर पाहायला आली. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' नावाच्या कडू चहाचा पोकळ भोपळा, असं ती डॉक्टरकडेही जाते. नळीने एक घोट घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. ओठ हलवत वाचत गेली. शेवटच्या ओळीशी ओठ थांबले.

"हे काढा," ती म्हणाली.

"नेल्बाबाई, पण हे तर फार सुंदर आहे," मारिएला म्हणाली. "आजच्या लोकांना हेच—"

"मुली, चित्रं कोणाची?"

"तुमची."

"मग काढा. त्या ओहेदाचं नाव माझ्या भावाच्या शेजारी लागणार नाही. नाहीतर सोमवारी गाडी पाठवते आणि बावीसच्या बावीस घरी नेते."

"ओहेदा?" मी म्हणालो. "आजी, आम्ही फक्त विल्मार लिहिलंय. ओहेदा हे आडनाव तुला कसं माहीत?"

आजीने मातेचा दुसरा घोट घेतला. पाणी संपलं होतं. नळी भोपळ्यात खरखर वाजत राहिली आणि ती ओढत राहिली.

मारिएलाने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, मग आपल्या घड्याळाकडे. तिच्या पिढीची ही खास कला आहे. "उद्या काढू," ती म्हणाली. "गास्तोन काढेल."

५

आजीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना दगडी. आई स्पेनमध्ये गेल्यापासून मी तिथेच राहतो. एल्बिओ तिथेच राहायचा हे मला माहीत होतं. त्याच्यानंतर आजी-आजोबा तिथे आले.

"विल्मारही इथेच राहायचा ना?" मी विचारलं.

ती कांदा चिरत होती. "भाड्याची जागा होती. एल्बिओच्या नावावर."

"ते नाही विचारलं."

"तुला कॉलेज झेपलं नाही, आणि आता मला प्रश्न विचारतोस."

"आजी, राहायचा की नाही?"

सुरी थांबली नाही. ती सुरीशीच बोलत होती. "एल्बिओ पहाटे गेला. आठ वाजता आम्ही आलो. हा आतच होता, त्याचे पाय पुसत होता. आमची आई नुसती बघत राहिली. मग हा म्हणाला, पेटी मी बनवणार, दुसऱ्या कोणाच्या पेटीत त्याला घालू नका. फळ्या आणायला गेला."

"मग?"

"मग तुझ्या आजोबांनी दार लावलं."

आमच्याकडे मयताच्या घराचं दार कोणी लावत नाही. ज्याला यायचं तो येतो, शेजारी, शत्रू, रस्त्यावरचा कोणीही. बंद दाराआड मयत ठेवलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

"फळ्या खांद्यावर घेऊन आला," आजी म्हणाली. "वाजवलं नाही. हाक मारली नाही. दारावर कपाळ टेकून उभा राहिला. मध्येच कपाळ उचलायचा, परत टेकायचा. आत ऐकू यायचं. आम्ही जपमाळ ओढत होतो आणि ते ऐकू यायचं. दुकानातून पेटी आली तेव्हा पेटीवाल्यांनी त्याला बाजूला सारलं, पेटी आत घेतली, दार परत लावलं. तेवढ्यातही तो आत घुसला नाही, बघ. सांगितलं असतं तर आला असता. कोणीतरी सांगायला हवं होतं."

"तू का नाही सांगितलंस?"

"मी चाळिशीची होते आणि माझी आई खोलीत होती." कांदा कधीच चिरून झाला होता. ती तोच परत चिरत होती. "दुसऱ्या दिवशीही तो तिथेच. पेटी बाहेर काढायची होती. सगळ्या जिन्यासमोर तमाशा झाला असता. लष्कराचे ते दिवस तुला माहीत नाहीत. तुझ्या आजोबांनी फोन केला. फक्त म्हणाले, जिन्यात एक माणूस उभा आहे, हलत नाही. पत्ता सांगितला. गाडी आली."

"कसली गाडी?"

"तेव्हा जी यायची ती."

"आणि तो?"

"मला काय माहीत? दाराला रंग द्यावा लागला. निघत नव्हतं ते." तिने सुरी खाली ठेवली. "ते नाव भिंतीवर राहिलं ना गास्तोन, तर उद्या कोणीतरी विचारेल, त्या विल्मारचं काय झालं. आणि मी या वयात सांगायची नाही. ते नाव राहिलं तर तू दुसरं घर बघ. शेवटचं सांगते."

"तुझ्या हातची न्योकी फेदे तीनदा घेतो," मी म्हणालो. "त्याला हे सांगू?"

तिने माझ्या तोंडात मारली. कांद्याच्या हाताने.

रात्री झोपायच्या आधी मी घराच्या दाराशी गेलो. हिरवा रंग, जाड, एकावर एक दिलेला. टेप माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही.

६

शुक्रवारी मी ती ओळ काढली.

इथे मला कोणावर तरी ओरडायला आवडलं असतं. फेदेच्या घरी दोन खोल्यांत सहाजण झोपतात, हे कारण सांगता आलं असतं. आजी म्हातारी आहे, हेही. मारिएलाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "पुढच्या प्रदर्शनात बघू, बाळा." मला गप्प बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा तिटकारा आहे हे मी वर लिहिलंय. तर ते कसं करतात ते सांगतो. सोपं असतं. नखाने एक टोक उचलायचं आणि ओढायचं. 'विल्मार' एका ओढीत आलं. अक्षरं बोटांना चिकटली, मी ती झटकली, मग दुसऱ्या हाताला चिकटली. शेवटी गोळी करून कचऱ्यात टाकली.

त्या जागेच्या वर आजीने सांगितलेली जुनी ओळ परत लावली, आता शेवटची तीच होती, 'तो अखेरपर्यंत एकटा राहिला.'

शनिवारी सकाळी चित्रं सगळी कोरी होती. डाग भिंतीवर होता, ओळ काढलेल्या जागेवर. मोजायची गरज नव्हती. एकच नव्हता. एकावर एक, एकावर एक, भिंतीचा चुना ओला दिसेपर्यंत.

मी पुसला नाही. पण सांगितलंही नाही कोणाला.

७

उद्घाटन त्याच दिवशी दुपारी बाराला होतं. नोव्हेंबरचं ऊन, आणि नदीवरून वारा. शंभरेक माणसं आली. टीकाकार, दोन वकील, मारिएलाच्या मैत्रिणी, माझे जुने मास्तर, त्यांचे गळ्यातले रुमाल. पांढरी वाइन, चीजचे तुकडे. आजीला मधोमध खुर्ची दिली होती. काळा कोट, मांडीवर पर्स, शेजारी एक रिकामी खुर्ची, कारण कोणी तिच्या शेजारी बसायला धजत नव्हतं. वाऱ्याने चित्रांखालच्या पाट्या उडू लागल्या तसं मारिएलाने दार लावून घेतलं आणि भाषण सुरू केलं.

"एका एकाकी माणसाचं हे काम आहे," ती म्हणाली.

धप्.

फार मोठा नाही. उशीवर मूठ पडावी एवढा. दोघातिघांनी दाराकडे पाहिलं.

"एल्बिओ सागास्तीने या शांततेतच—"

धप्.

"कोणीतरी उशिरा आलंय वाटतं," माझा एक मास्तर म्हणाला. "वाजवायचं तरी नीट. गास्तोन, उघड रे."

दाराजवळ मीच होतो. वळलो तर आजीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

"दार उघडायचं नाही."

लोक हसले. म्हाताऱ्या बाया कधीकधी असं बोलतात. आजी हसत नव्हती. ती दाराकडे पाहतही नव्हती. समोर एकोणीस नंबर होता, त्यातल्या बुटक्या आयताकडे पाहत होती.

"नेल्बाबाई, बाहेर उन्हात कोणीतरी—" मारिएला म्हणाली.

"तुला सांगितलंय, मुली. गास्तोन, मी काय म्हणाले होते ते आठव. उघडलंस तर आज झोपायला कुठे जायचं ते बघून उघड."

धप्. मग बराच वेळ काही नाही. मग धप्.

वारा असेल. वाऱ्याने दार वाजतंच. एवढ्या वर्षांच्या गोदामाच्या दाराला थोडी खिळखिळ असायचीच. मी हात दारावर ठेवला, पंजा सपाट, साधारण खांद्याच्या उंचीला. पुढचा धक्का लाकडातून माझ्या हाताला लागला. त्यात जोर नव्हता. दार उघडावं म्हणून कोणी असा धक्का देत नाही.

मी दार उघडलं.

बाहेर गल्ली होती. ऊन, उभी असलेली मोटारसायकल, समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी. कोणी नव्हतं. मागे कोणीतरी सुस्कारा सोडला आणि म्हणालं, "बघा, वारा." मला तेवढं पुरायला हवं होतं. दार परत लावून घ्यायला हवं होतं.

मी बाजूला झालो. कोणाला आत येऊ देताना होतो तसा, पाठ भिंतीला लावून. आणि म्हणालो, "या."

किती वेळ धरून उभा होतो सांगता येणार नाही. पाट्या फडफडल्या. मग दाराजवळच्या दोन बायका जरा सरकल्या. बोलता बोलता सरकल्या, बोलणं थांबवलं नाही. त्यांच्या मागचा वकील सरकला, ग्लास छातीशी धरून, पुटपुटला, "माफ करा." मग त्याच्या पुढचे. कोणी मान वळवून पाहिलं नाही. गर्दीत एक अरुंद वाट पडत गेली आणि मागे मिटत गेली, आणि ती एकोणीस नंबरकडे चालली होती.

मी वाटेकडे पाहत होतो, म्हणून मला दिसलं. दोन डोक्यांच्या मधून, एवढंच. एक मान. मागून बारीक कापलेली, वर चप्प बसवलेले काळे केस, केसांत फणीचे दात उठलेले. मानेवर भुसा, लाकडाचा, बारीक. मान पुढे झुकली. मग एका बाईने ग्लास उचलला, तिचा हात मध्ये आला, आणि तो खाली गेला तेव्हा तिथे चित्र होतं.

मारिएलाचं भाषण परत सुरू झालं होतं. टाळ्या वाजल्या.

आजीने मान हलवली नव्हती. पण ती आता अर्ध्या खुर्चीवर, कडेला बसली होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढी.

८

तीन वाजता सगळे गेले. चार चित्रांवर विकल्याचे लाल ठिपके होते. मारिएलाने गॅलरीची आपलीही किल्ली माझ्या हातात कोंबली आणि तिची शाल आत राहिल्याचं मी सांगितल्यावर म्हणाली, "राहू दे. सोमवारी."

आजीला मी हात धरून बाहेर आणलं. टॅक्सी उभी होती. ती एका बाजूला झुकून चालत होती, जणू दुसऱ्या खांद्यावर कोणी भार दिलाय. टॅक्सीत बसली आणि तळहात पसरला.

"किल्ली."

घराची किल्ली दिली. तिने ती पर्समध्ये टाकली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिने वर पाहिलं तर तिचे डोळे अगदी कोरडे होते.

"आई असती तर तिनेही घेतला नसता आत," ती म्हणाली. "मी घेतला असता की नाही, ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आज कळलं. बरं नाही वाटलं." तिने काच अर्धी वर केली. "तू घेतलंस ना आत? मग आता जा म्हणून तूच सांग."

टॅक्सी बंदराकडे वळली. मी गॅलरीत परत आलो.

जा म्हणून सांगायला हक्क लागतो. तो आजीला नव्हता, आजोबांना नव्हता, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत कदाचित मला असता. मी ग्लास उचलले, चीजचे तुकडे कचऱ्यात टाकले. एकोणीस नंबरकडे पाठ करून हे सगळं केलं. पाठीला समजत होतं की मागे काय आहे.

दार मी उघडंच ठेवलं. आत ऊन येत होतं, पहिल्या चार फळ्यांपर्यंत. मग मी त्याच भिंतीला टेकून खाली बसलो, कारण मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं. वर पाहिलं नाही.

"विल्मार," मी म्हणालो. "घाई नाही."

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या डाव्या बाजूची फळी करकरली, खूप उभं राहून दमलेलं माणूस हळूहळू खाली बसावं तशी, आणि गप्प झाली.